गोल झोताचा आयत करताना

यंत्राचा सरकता भाग जिच्यावरून मागेपुढे सरकतो त्या पोलादी मार्गपट्टीचा पृष्ठभाग लेझरने कठीण करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा लेझर तयार होता, पट्टी सरकवणारे यंत्र तयार होते आणि पोलादही ठरलेले होते. नव्हता तो फक्त योग्य आकाराचा झोत. प्रकाशिकी हा माझा विषय असल्यामुळे तो घडवण्याची जबाबदारी माझ्यावर आली आणि हे काम काही आठवड्यांत उरकेल असे मी मनाशी धरून चालले होते. प्रत्यक्षात काय घडले ते इथे क्रमाने लिहिते आहे.

लोहार पोलाद तापवून त्याला पाणी देतो, हे आपण सगळे जाणतो. लेझरच्या पद्धतीत पाण्याची गरज पडत नाही. झोताखालचा पातळ थर क्षणभर ९०० अंश सेल्सिअसच्या वर जातो, झोत पुढे सरकला की खालचे थंड पोलादच त्या थरातली उष्णता ओढून घेते आणि थर इतक्या झपाट्याने निवतो की त्यात मार्टेन्साइट ही कठीण रचना तयार होते. आमच्या पोलादात कार्बन ०.४५ टक्के होता, म्हणजे अशा कठिणीकरणाला तो पुरेसा होता. मात्र तापमानाला वरून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी मर्यादा असतात: कमी पडले तर रचना बदलत नाही आणि जास्त झाले तर पृष्ठभाग वितळतो.

लेझरचा प्रकाश वाहून आणणाऱ्या फायबरमधून, म्हणजे काचतंतूतून, बाहेर पडणारा झोत गोल असतो आणि गोल ठिपका या कामाला सोयीचा नाही. ठिपका पोलादावरून सरकतो तेव्हा मध्यरेषेवरच्या बिंदूला पूर्ण व्यासाएवढा काळ ऊब मिळते, तर त्रिज्येच्या नऊ दशांशावर असलेल्या बिंदूला त्याच्या जेमतेम ४४ टक्के काळ. म्हणजे ठिपक्यातली तीव्रता सर्वत्र अगदी सारखी असली तरी कठीण झालेला थर मध्यभागी खोल आणि कडांना उथळ होणारच. त्यावर उपाय म्हणून शेजारीशेजारी अनेक फेऱ्या मारल्या, तर दुसऱ्या फेरीची उष्णता पहिल्या फेरीत कठीण झालेल्या काठाला पुन्हा तापवून मऊ करते आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये नरम रेघ राहते. मार्गपट्टीवर अशी रेघ म्हणजे झिजेला आमंत्रण. म्हणून एकाच फेरीत २४ मिलिमीटर रुंदी झाकणारा आणि सरकण्याच्या दिशेने ६ मिलिमीटर लांब असा आयताकृती झोत हवा होता.

लेझर होता ४ किलोवॅटचा, तरंगलांबी सुमारे ९८० नॅनोमीटर. फायबरच्या गाभ्याचा व्यास १ मिलिमीटर आणि अंकीय छिद्र ०.२, म्हणजे किरण अक्षाभोवती सुमारे साडेअकरा अंशांच्या अर्धकोनात पसरत होते. १०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या कोलिमेटरने ते समांतर केले की ४० मिलिमीटर व्यासाचा झोत मिळतो. ‘समांतर’ हा शब्द मात्र जपून वापरावा लागतो. फायबरचे टोक हा बिंदू नाही, त्याला अर्धा मिलिमीटर त्रिज्या आहे, त्यामुळे समांतर केल्यावरही ५ मिलिरेडियनचा, म्हणजे सुमारे ०.३ अंशाचा, अर्धकोन शिल्लक राहतो. त्रिज्या आणि कोन यांचा गुणाकार भिंगांनी कमी होत नाही. एक वाढवले तर दुसरे घटते, इतकेच. हे ५ मिलिरेडियन पुढे प्रत्येक टप्प्यावर माझ्या वाटेत आले.

आयत तयार करण्यासाठी मी सूक्ष्मभिंगांच्या ओळी निवडल्या. दंडगोलाकृती बारीक भिंगे एकाच काचेवर शेजारीशेजारी कोरलेली असतात. बोटाने स्पर्श न करता नुसते तिरपे धरून पाहिले तर काच पन्हाळींची दिसते. प्रत्येक भिंग येणाऱ्या झोतातला आपल्यापुरता काप घेते आणि तो ठरावीक कोनात पसरवते. त्यांच्या पुढे एक मोठे भिंग ठेवले की सगळे काप त्याच्या नाभीप्रतलात एकमेकांवर येऊन पडतात. आडव्या दिशेला २ मिलिमीटर रुंदीची आणि उभ्या दिशेला १ मिलिमीटर रुंदीची भिंगे धरली, तर ४० मिलिमीटरच्या गोल झोताचे सहाशेहून अधिक तुकडे होतात. एखादा तुकडा डावीकडे उजळ असेल, दुसरा उजवीकडे. सहाशे तुकडे एकावर एक ठेवल्यावर तो फरक पुसला जातो. मूळ झोत थोडा हलला किंवा त्याची अंतर्गत ठेवण बदलली तरी आयत जवळजवळ तसाच राहतो, आणि कारखान्यात वर्षानुवर्षे चालणाऱ्या यंत्रासाठी मला हाच गुण सर्वांत मोलाचा वाटला. आउगुस्ट क्योलर यांनी १८९३ साली सूक्ष्मदर्शकासाठी मांडलेल्या प्रकाशयोजनेचेच हे शेकडो पटींनी केलेले रूप आहे.

आकडेमोड सरळ होती. भिंगाची रुंदी भागिले त्याचे नाभीय अंतर, गुणिले मोठ्या भिंगाचे नाभीय अंतर, म्हणजे आयताची बाजू. मोठे भिंग ३०० मिलिमीटरचे घेतले. आडव्या दिशेला २ मिलिमीटर रुंदी आणि २५ मिलिमीटर नाभीय अंतर, म्हणून २४ मिलिमीटर. उभ्या दिशेला १ मिलिमीटर आणि ५० मिलिमीटर, म्हणून ६ मिलिमीटर.

प्रत्येक दिशेला भिंगांची एकच ओळ ठेवावी की दोन, हा पहिला खरा प्रश्न होता. एकाच ओळीत काम भागले तर काचा कमी, खर्च कमी, जुळवणी सोपी. पण ते उरलेले ५ मिलिरेडियन ३०० मिलिमीटरवर दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटर होतात, म्हणजे आयताच्या प्रत्येक कडेला ३ मिलिमीटर रुंदीचा धूसर उतार येतो. ६ मिलिमीटरच्या बाजूत दोन्हीकडून असा उतार आला की मध्ये सपाट असे ३ मिलिमीटरच उरतात. दुसरी ओळ पहिलीच्या बरोबर नाभीय अंतरावर ठेवली, तर ती पहिल्या ओळीतल्या भिंगाच्या चौकटीचीच प्रतिमा कामाच्या जागी पाडते आणि कड धारदार होते. मात्र त्याला एक अट आहे. पहिल्या ओळीच्या प्रत्येक भिंगाचा प्रकाश दुसऱ्या ओळीतल्या त्याच्याच जोडीदारात शिरला पाहिजे, शेजाऱ्याच्या दारात जाता कामा नये. उभ्या दिशेत ५ मिलिरेडियन गुणिले ५० मिलिमीटर म्हणजे पाव मिलिमीटर, आणि जोडीदाराची अर्धी रुंदी अर्धा मिलिमीटर. पाव मिलिमीटरची मोकळीक राहते. कागदावर ती मला भरपूर वाटली होती.

तीन काचा करायचे ठरले: पहिलीवर उभ्या दिशेची ओळ, दुसरीवर आडव्या दिशेची, आणि तिसरीच्या दोन पृष्ठांवर दोन्ही दिशांच्या जोडीदार ओळी. काच फ्यूज्ड सिलिकाची, कारण तिच्यात या तरंगलांबीचे शोषण अत्यल्प असते आणि तापल्यावर ती फारच कमी प्रसरण पावते. तीन काचांची सहा पृष्ठे होतात. परावर्तनरोधी थर नसेल तर प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ३.४ टक्के प्रकाश मागे फिरतो. ४ किलोवॅटमधले जवळजवळ ७५० वॅट नको त्या दिशांना गेले असते. म्हणून सहाही पृष्ठांवर थर चढवून घेतले. काचा हाती आल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली मी सर्वांत आधी दोन भिंगांमधल्या खाचा पाहिल्या. तिथे वक्रता बदलताना काही मायक्रोमीटर रुंदीचा बिनकामाचा पट्टा राहतोच आणि त्यावर पडणारा प्रकाश भलतीकडे जातो. आमच्या काचांत तो पट्टा एवढा अरुंद होता की चिंता नव्हती.

पहिली चाचणी कमी शक्तीच्या, एकाच मोडच्या, म्हणजे प्रकाशलहरींची एकच ठेवण असलेल्या, १०६४ नॅनोमीटर लेझरवर केली. कॅमेऱ्यात सपाट आयत दिसेल अशी अपेक्षा होती. दिसली ती ठिपक्यांची जाळी, आडव्या दिशेत ०.१६ मिलिमीटर आणि उभ्या दिशेत ०.३२ मिलिमीटर अंतरावर, मोजून घ्यावी इतकी नेमकी. काचा बिघडल्या नव्हत्या. एकसारखी भिंगे आणि सुसंगत, म्हणजे एका तालात चालणाऱ्या लहरींचा, प्रकाश एकत्र आले की व्यतिकरण होणारच, म्हणजे लहरी एकमेकींना कुठे वाढवणार, कुठे पुसणार, आणि ठिपक्यांमधले अंतर तरंगलांबी, मोठ्या भिंगाचे नाभीय अंतर व सूक्ष्मभिंगाची रुंदी यांवरून आधीच सांगता येते. खऱ्या लेझरचा प्रकाश असंख्य मोडचा होता. त्याच्या ५ मिलिरेडियनच्या पसाऱ्यामुळे प्रत्येक ठिपका तीन मिलिमीटरवर पसरून जाळी पूर्ण पुसली गेली. आतापर्यंत अडथळा ठरलेला तो कोन इथे मात्र उपयोगी पडला. एकाच मोडचा लेझर असता, तर मी ही वाट धरली नसती.

यानंतर खऱ्या झोताने जुळवणी केली, शक्ती अगदी कमी ठेवून. या तरंगलांबीचा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याचे भिंग तो दृष्टिपटलावर नेमका एकवटते. त्यामुळे बंद कक्ष, दार उघडताच लेझर तोडणारे कुलूप आणि योग्य चष्मा यांपैकी एकही गोष्ट ‘पाच मिनिटांचेच काम आहे’ म्हणून आम्ही कधी सोडली नाही.

पूर्ण शक्तीवर गेल्यावर पहिला फटका तिसऱ्या काचेवर बसला. पहिल्या ओळी आपापला प्रकाश तिथेच एकवटतात, हे आराखड्यातच होते: ४० मिलिमीटरच्या झोतात सरासरी तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३२० वॅट असते, आणि तिसऱ्या काचेवरच्या पाव बाय अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यांत ती सोळापट, म्हणजे ५ किलोवॅटच्या पुढे जाते. स्वच्छ सिलिकाला याचे काहीच वाटत नाही. पण काच बसवण्याआधी मी ती पुसली होती, आणि तीही पन्हाळींच्या आडव्या दिशेने. पुसण्याच्या कागदाचा एक तंतू भिंगावर अडकून राहिला. लेझर सुरू होऊन काही मिनिटांत काचेच्या बैठकीचे तापमान २४ अंशांवरून ४१ अंशांवर गेले, म्हणून मी लेझर बंद केला. काच बाहेर काढली तर तंतूच्या जागी काळी रेघ होती आणि तिच्याभोवतीचा थर कोळ्याच्या जाळ्यासारखा तडकला होता. सपाट काचेवर तंतू सहज निघतो; पन्हाळींच्या काचेवर पुसायचेच तर खाचेच्या दिशेने पुसावे लागते आणि शक्यतो गाळलेल्या कोरड्या वायूने फुंकूनच भागवावे लागते. हे मला ठाऊक होते, तरी हात जुन्या सवयीने चालला. दुसरी काच येईपर्यंत बराच काळ वाया गेला.

नवी काच बसवली आणि इथे मी दुसरी चूक केली. आयत आधी एकदा तपासला होता, काच त्याच आराखड्याची होती, म्हणून पुन्हा कॅमेरा न लावता आम्ही थेट पोलादावर गेलो. पट्टी कठीण झाली. पण धातुशास्त्र पाहणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी कठीणपणा मोजला, तेव्हा त्यांना विचित्र गोष्ट आढळली. पट्टी एका दिशेने सरकवली तर विकर्स मापनात साधारण ६५० भरत होते आणि उलट दिशेने सरकवली तर ५९० च्या आसपास. तापमान, वेग, पोलाद सगळे तेच. ते मला म्हणाले, “अहो, झोताला पुढे-मागे काही कळत नसेल तर असे होणार नाही. तुमच्या आयताच्या एका अंगाला काहीतरी आहे.”

कॅमेरा लावला आणि ते दिसले. आयताला लागूनच, सरकण्याच्या दिशेने, त्याच मापाचा फिकट दुसरा आयत उभा होता. प्रकाशाचा सुमारे सातवा हिस्सा त्यात जात होता. तो मुख्य झोताच्या पुढे असेल तेव्हा पोलाद आधीच थोडे तापत होते, त्याने बिघडत काही नव्हते. तो मागे असेल तेव्हा मात्र नुकताच निवत असलेला थर पुन्हा ऊब खाऊन नरम पडत होता. मुख्य आयतही आपल्या जागेवरून २ मिलिमीटर सरकला होता, पण सरकण्याच्याच दिशेने असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात आले नव्हते.

ही दोन लक्षणे एकत्र ठेवल्यावर कारण हिशेबातच सापडले. ३०० मिलिमीटरवर २ मिलिमीटर म्हणजे सुमारे ७ मिलिरेडियन, म्हणजे ०.४ अंशाचा कल. भिंगांची अख्खी चौकट एवढी कललेली असेल, तर ५० मिलिमीटर पुढच्या जोडीदारावर प्रकाश ०.३५ मिलिमीटर सरकतो. मोकळीक होती पाव मिलिमीटरची. उरलेला प्रकाश शेजारच्या भिंगात शिरत होता आणि ते भिंग त्याचा बरोबर ६ मिलिमीटर पलीकडे दुसरा आयत पाडत होते. चौकट सोडवली तेव्हा बैठकीच्या एका कोपऱ्यात चिकटलेला लोखंडी कीस निघाला, नखावर ठेवला तर जेमतेम दिसावा असा, जाडी मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढी. तो काढून बैठक साफ केली आणि दुसरा आयत नाहीसा झाला. त्या दिवसापासून चौकट एकदा हलली की कॅमेऱ्याची नोंद झाल्याशिवाय पोलादावर जायचे नाही, असे आम्ही ठरवले.

आता आयत खरोखर सपाट होता. मी त्याचे चित्र अभिमानाने दाखवले. दुसऱ्या दिवशी त्याच सहकाऱ्यांनी पट्टीचा तुकडा आडवा कापला, घासून आरशासारखा केला आणि त्यावर नायटल, म्हणजे अल्कोहोलमधले सौम्य नायट्रिक आम्ल, लावले. काही सेकंदांत कठीण थर वेगळ्या छटेने उठून आला. त्याचा तळ सपाट नव्हता, बशीसारखा होता: मध्यभागी खोली ०.९ मिलिमीटर, काठापासून ३ मिलिमीटर आत ०.६ मिलिमीटर आणि पुढे उतरत शून्य. २४ मिलिमीटरच्या झोतातून पूर्ण खोलीची रुंदी मिळाली ती जेमतेम १६ मिलिमीटर.

मला वाईट वाटले, पण त्या चित्रावर वाद घालण्यासारखे काही नव्हते. मधल्या भागाची उष्णता फक्त खाली जाऊ शकते. काठाजवळची खालीही जाते आणि बाजूच्या थंड पोलादातही जाते. काठ अधिक वेगाने उष्णता गमावतो, म्हणून त्याला अधिक द्यावी लागते. कॅमेऱ्यावरचा सपाटपणा मी इतके दिवस साध्य मानला होता. पोलादाला हवा होता तो कडांना उंच आणि मध्ये दबलेला झोत.

सूक्ष्मभिंगांच्या बाबतीत समाधानाची गोष्ट अशी की हे मागणे त्यांना घालता येते. भिंगाच्या पृष्ठाचा जेवढा भाग ज्या उताराचा असेल, तेवढा प्रकाश त्या कोनात जातो. म्हणून कडांच्या कोनांसाठी पृष्ठाचा अधिक भाग राखून ठेवला की कडा उजळतात. आडव्या दिशेची जोडी काढून टाकून तिच्या जागी मुद्दाम घडवलेल्या वक्रतेची एकच ओळ घ्यायची आणि कडांची तीव्रता मध्यापेक्षा २५ टक्के अधिक ठेवायची, असे ठरले. एकाच ओळीमुळे येणारा तीन मिलिमीटरचा उतार २४ मिलिमीटरच्या बाजूत परवडत होता आणि आराखड्यात तो आधीच धरला होता. ही भिंगे मी अंतर्वक्र घेतली. ती प्रकाश पसरवतात, कुठेही एकवटत नाहीत; त्यामुळे तिसऱ्या काचेवरची तीव्रता सरासरीच्या सोळापटीवरून दुपटीवर आली आणि तंतूची भीती बरीच ओसरली.

नव्या काचेने कठीण केलेला तुकडा कापला तेव्हा थराचा तळ २० मिलिमीटरपर्यंत जवळजवळ सरळ होता. सुट्या ठोकळ्यावर काम जमले. खऱ्या मार्गपट्टीवर मात्र अडचण आली, कारण तिच्या एका बाजूला झोताच्या काठालगतच खाच आहे. त्या बाजूला शेजारी पोलादच नाही, उष्णतेला जायला वाट नाही, आणि तिथे २५ टक्के जास्तीचा प्रकाश पडताच खाचेची धार वितळून गोल झाली. बिनतक्रार चाललेल्या ठोकळ्यांनंतर ते पाहताना मनाला लागले, पण त्या वितळलेल्या धारेत नवे असे काहीच नव्हते. जो न्याय मी शेजारी थंड पोलाद असलेल्या काठाला लावला होता, तोच इथे उलट बाजूने लागू पडत होता.

तिसऱ्या खेपेला आम्ही विषम वक्रतेची ओळ करून घेतली. पोलाद शेजारी असलेल्या बाजूला उंच कड, खाचेच्या बाजूला मध्यापेक्षाही किंचित कमी तीव्रता. या काचेला डावे-उजवे असल्यामुळे ती उलटी बसू नये म्हणून चौकटीत एका बाजूला खिट्टी ठेवली. कॅमेऱ्यात हा झोत तिरका दिसतो आणि पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण जुळवणी चुकली आहे का, असे विचारतो. खाचेजवळ कापलेल्या तुकड्यावर नायटल लावले, तेव्हा थर खाचेपर्यंत एकाच खोलीने गेलेला दिसला आणि धार शाबूत होती.